मनगटावरची पट्टी : ऑस्टिन, १९८७ आणि नवे बँड ऐकण्याची एक रीत

आजचा विषय संगीताचा आहे, पण व्याख्यान इतिहासाचं आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकू. कोणता बँड थोर आणि कोणता सामान्य यावर आज आपण फारसं बोलणार नाही. आपल्याला बघायचं आहे ती एक रीत, म्हणजे शहरातल्या अनेक छोट्या जागांमध्ये एकाच रात्री फिरून, ज्यांचं नावही ठाऊक नाही असे बँड ऐकण्याची रीत. ती कुठून आली, कोणाच्या गरजेतून आली आणि तिचा खर्च कोण सोसतं, एवढे तीनच प्रश्न आहेत. तिसरा प्रश्न जरा अडचणीचा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी ही रीत डोळ्यांसमोर आणू या. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातलं ऑस्टिन शहर, महिना मार्च. संध्याकाळी आठ वाजल्यापासून रात्री दोनपर्यंत, कारण दोनला तिथल्या बारना दारूविक्री बंद करावी लागते. सिक्स्थ स्ट्रीट नावाचा रस्ता आणि त्याला छेदणारा रेड रिव्हर स्ट्रीट. या दोन रस्त्यांवर आणि आसपास बार, क्लब, हॉटेलांची सभागृहं, मागची मोकळी आवारं. प्रत्येक ठिकाणी साधारण तासाच्या ठोक्याला एक नवा बँड उभा राहतो. चाळीसेक मिनिटं वाजवतो, मग आपले अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रम स्वतःच उचलून बाहेर काढतो, तोवर पुढचा आत आलेला असतो. म्हणजे एका जागी एका रात्री पाच-सहा बँड. अशा जागा आधी पंधरा होत्या, पुढे शंभरावर गेल्या. श्रोत्याच्या हातात वेळापत्रक आणि मनगटावर पट्टी. एक बँड अर्धा ऐकून उठायचं, दोन चौक चालायचं, दुसरा ऐकायचा. नाही आवडला तर समोरच्या दारात.

आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना यात नवल वाटणार नाही. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांमध्ये गणपतीच्या दिवसांत लोक असेच फिरत. या मांडवात भावगीतं, पुढच्या गल्लीत जादूचे प्रयोग, त्यापलीकडे मेळा किंवा नकलाकार. एकेक गायकही एका रात्रीत दोन-दोन मांडव करी. मंच स्थिर आणि श्रोता फिरता, हा साचा आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे. हे साम्य लक्षात ठेवा, पुढे एका मुद्द्याला लागणार आहे. पण तिथे ते साम्य नसून फरक आहे.

मैदानी महोत्सव हा वेगळा प्रकार. १९६९चं वुडस्टॉक, १९७०पासूनचं ग्लास्टनबरी, आपल्या पुण्यात २०१०मध्ये सुरू झालेलं एनएच-सेव्हन वीकेंडर. तिथे कुंपण घातलेलं एक मैदान असतं आणि त्यात चार-सहा मंच. लोक मुख्यतः ठाऊक असलेली नावं ऐकायला तिकीट काढतात, नवे बँड दुपारच्या उन्हात वाजवून जातात. शहरभर पसरलेल्या महोत्सवात मोठं नाव नसलं तरी चालतं, किंबहुना मोठं नाव नसणं हीच त्याची जाहिरात. ‘इंडी’ हा शब्द इथलाच. मूळ अर्थ इतकाच की मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, छोट्या स्वतंत्र कंपनीकडे किंवा स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड काढणारे. पुढे तो एका विशिष्ट ध्वनीचं नाव झाला. आज तर बड्या कंपनीशी करार झालेल्यांनाही इंडी म्हणतात. ते असो.

आता ऑस्टिन. हे टेक्सासच्या राजधानीचं गाव, आणि टेक्सास विद्यापीठाचंही. ऐंशीच्या दशकात तिथे पंचेचाळीस-पन्नास हजार विद्यार्थी असत. राज्याची नोकरशाही आणि विद्यार्थी या दोघांवर शहर चाले. स्वस्त भाडी, गरम रात्री आणि बिअर, यातून एक संगीतविश्व उभं राहिलं. १९७०मध्ये नॅशनल गार्डच्या एका जुन्या शस्त्रागारात ‘आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स’ नावाचं सभागृह सुरू झालं. लांब केसांची हिप्पी पोरं आणि काउबॉय टोपीवाले गावकरी एकाच छपराखाली कंट्री संगीत ऐकू लागले. विली नेल्सन १९७२मध्ये तिथे वाजवून गेला आणि त्या मिश्रणाला जणू शिक्कामोर्तब मिळालं. १९७५मध्ये क्लिफर्ड अँटोन यांनी सिक्स्थ स्ट्रीटवर ब्लूजसाठी ‘अँटोन्स’ काढला. १९७८मध्ये विद्यापीठाजवळच्या ‘राउल्स’मध्ये पंक सुरू झालं.

पण आपला इतिहास या भरभराटीतून निघत नाही. तो निघतो मंदीतून.

१९८०च्या शेवटच्या रात्री आर्माडिलो बंद झालं. जमीन विकली गेली होती, इमारत पाडून पुढे तिथे कार्यालयांचा टॉवर आला. राउल्सही १९८१मध्ये संपलं. मग दोन गोष्टी अगदी लागोपाठ घडल्या. टेक्सासमध्ये दारू पिण्याचं कायदेशीर वय १९७३पासून अठरा होतं. ते १९८१मध्ये एकोणीस झालं आणि १ सप्टेंबर १९८६ रोजी एकवीस. म्हणजे बघा, क्लबचा जो मुख्य गिऱ्हाईक, पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, त्याच्याकडून होणारी कमाई एका कायद्याने गेली. क्लब चालतो तो गल्ल्यावर, आणि गल्ला भरतो तो बिअरने. तिकिटाचे दोन-चार डॉलर बँडच्या खिशात गेले तर गेले. आणि त्याच १९८६ साली तेलाचे भाव कोसळले. टेक्सासची सगळी अर्थव्यवस्था तेलावर आणि तेलाच्या भरवशावर बांधलेल्या इमारतींवर उभी. ऑस्टिनमध्येही बांधकामाचा फुगा फुटला, कार्यालयं ओस पडली.

संगीत मात्र होतं. १९८५मध्ये एमटीव्हीचा एक कार्यक्रम शहरात येऊन तिथल्या तरुण बँडचं चित्रीकरण करून गेला. त्यात डॅनियल जॉन्स्टन नावाचा एक मुलगा दिसतो. तो मॅकडोनाल्ड्समध्ये काम करी, घरी साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी रेकॉर्ड करी आणि त्या कॅसेट रस्त्यात भेटेल त्याच्या हातात देई. त्याचं ‘हाय, हाउ आर यू’ १९८३चं. पुढे १९९२मध्ये कर्ट कोबेनने त्याच कॅसेटच्या मुखपृष्ठाचा टी-शर्ट घातला आणि जगाला जॉन्स्टन कळला. नऊ वर्षं लागली. गाणारा होता, गाणी होती, ऐकणारं गावही होतं. नव्हता तो गावाबाहेर जाणारा रस्ता. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या दोन शहरांत ध्वनिमुद्रणाचा सगळा धंदा, आणि तिथली माणसं टेक्सासला यायची नाहीत.

न्यूयॉर्कमध्ये १९८०पासून ‘न्यू म्युझिक सेमिनार’ भरत असे. नावातच सेमिनार आहे. दिवसा हॉटेलात चर्चासत्रं, संध्याकाळी क्लबांतून नव्या बँडचे प्रयोग. या मंडळींनी १९८६च्या सुमारास ऑस्टिनला आपली नैर्ऋत्य शाखा काढण्याचं मनात आणलं होतं. ते बारगळलं. तेव्हा ‘ऑस्टिन क्रॉनिकल’ या १९८१मध्ये सुरू झालेल्या स्थानिक पत्राच्या कचेरीत ठरलं की आपणच करू. पत्राचे संपादक लुई ब्लॅक, प्रकाशक निक बार्बारो, तिथेच काम करणारे रोलंड स्वेन्सन आणि बँडांचे कार्यक्रम ठरवणारे, स्वतः वादक असलेले लुई मायर्स, असे चौघे. नाव ठेवलं ‘साउथ बाय साउथवेस्ट’. हिचकॉकच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ या चित्रपटाच्या नावावरचा तो विनोद आहे.

आता तारीख बघा. मार्च १९८७. मार्चच का? कारण त्या आठवड्यात विद्यापीठाला वसंताची सुटी असते, विद्यार्थी गावी किंवा समुद्रकिनाऱ्यावर जातात आणि क्लब रिकामे पडतात. रिकामी जागा क्लबमालक आनंदाने देतो. आज ज्या आठवड्यात ऑस्टिनमध्ये हॉटेलची खोली मिळणं मुश्कील, तो आठवडा निवडला गेला तो गावात कोणी नसतं म्हणून. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत बोलका तपशील आहे. असा महोत्सव कलाप्रेमाच्या लाटेतून जन्मला असं त्याच्या माहितीपत्रकांत वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. दीडशे माणसं नोंदणी करतील अशी आयोजकांची अपेक्षा होती, आली सातशे. पंधरा जागांवर एकशे सत्त्याहत्तर कलाकारांनी वाजवलं. नोंदणी केलेले बहुतेक जण संगीताच्या धंद्यातले होते : एजंट, छोट्या कंपन्यांचे मालक, कॉलेज रेडिओवाले, पत्रकार. म्हणजे ही मुळात एक व्यापारी परिषद होती, बैलबाजारासारखी म्हणा हवं तर. साधा श्रोता तिथे मागच्या दाराने आला.

आणि त्या मागच्या दाराची खूण म्हणजे ती पट्टी. तीन पायऱ्या होत्या. गळ्यात बिल्ला असलेला परिषदेचा प्रतिनिधी आधी आत. मग मनगटावर पट्टी असलेला गावकरी. मग जागा उरलीच तर दारात रोख पैसे देणारा. छोट्या खोलीत किती माणसं मावतात याचा आकडा अग्निशमन खात्याने ठरवलेला असतो, तो भरला की एक बाहेर तेव्हा एक आत. गावकऱ्यांना याचा राग येई, कारण वर्षभर ज्या क्लबला ते जगवत, त्याच क्लबच्या दारात बाहेरगावचा बिल्लेवाला त्यांच्या पुढे निघून जाई. राग समजण्यासारखा आहे. पण त्या आकड्याबद्दल मात्र कोणी कुरकुर करू नये. मुंबईत डिसेंबर २०१७मध्ये कमला मिल आवारातल्या आगीत चौदा जीव गेले, तेव्हा दारातल्या मोजणीचा अर्थ आपल्याला नव्याने समजला.

रांगेचा एक अनपेक्षित फायदाही होता. ज्या बँडसाठी निघालो तिथे रांग, म्हणून शेजारच्या दारात शिरायचं, आणि तिथे डेन्मार्कहून किंवा ओहायोहून आलेली चार मुलं वीस लोकांसमोर जीव तोडून वाजवत असायची. या महोत्सवांवर लिहिणाऱ्यांच्या आठवणी वाचल्या तर त्यांत ठरवून ऐकलेल्या बँडपेक्षा असे चुकून कानावर पडलेले बँडच जास्त भेटतात. वेळापत्रक हे शेवटी मोडण्यासाठीच असतं.

‘इथे शोध लागतो’ या दाव्याचं काय? काही खरे दाखले आहेत. १९९४मध्ये ओक्लाहोमाचे हॅन्सन नावाचे तीन लहान भाऊ महोत्सवाला आले. वाद्यंबिद्यं काही नाहीत, समोर दिसेल त्या धंद्यातल्या माणसाला गाठून तोंडी गाणं ऐकवत. त्यांतला एक जण पुढे त्यांचा व्यवस्थापक झाला आणि १९९७मध्ये ती मुलं जगभर गाजली. याच १९९४ साली बासष्ट वर्षांचा जॉनी कॅश ‘इमोज’ या पंकवाल्या क्लबात एकट्या गिटारवर गायला आणि तरुण श्रोत्यांनी त्याला नव्याने डोक्यावर घेतलं. पण बघा, पहिल्या दाखल्यात मुलं मंचावर नव्हतीच आणि दुसऱ्यात माणूस नवा नव्हता. नव्वदीच्या दशकात नवा म्हणून मिरवणारा बँड बहुधा आधीच कोणाच्या तरी करारात असे आणि त्याची कंपनी त्याला पत्रकारांपुढे आणण्यासाठीच पाठवी. शोध लावण्यापेक्षा शोधाची जाहिरात करण्याची ती जागा झाली होती. तरीही वीस लोकांच्या खोलीतला तो बँड खोटा ठरत नाही. दोन्ही एकाच रस्त्यावर चालू होतं.

१९९१मध्ये शहराने स्वतःला ‘जगाची जिवंत संगीताची राजधानी’ ही पदवी घेतली. १९९४मध्ये महोत्सवात चित्रपट आणि मल्टिमीडिया हे विभाग आले, त्यांतला दुसरा पुढे संगणकवाल्यांचा मेळावा झाला. २००७मध्ये ट्विटर तिथे गाजलं आणि मग सिलिकॉन व्हॅलीची गर्दी लोटली. पैसा आला, त्याबरोबर कंपन्यांचे तंबू. २०१२मध्ये एका चिप्सच्या कंपनीने अवाढव्य विक्रीयंत्राच्या आकाराचा मंच उभा केला. अधिकृत महोत्सवाबाहेर दिवसा फुकट बिअरच्या पार्ट्या होऊ लागल्या. रस्ते इतके भरले की मार्च २०१४मध्ये मध्यरात्रीनंतर पोलिसांना चुकवून पळणारी एक मोटार रेड रिव्हरवर ‘मोहॉक’ क्लबबाहेरच्या गर्दीत घुसली, चार जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर शहराने परवाने आवळले.

आता तो तिसरा प्रश्न. बँडला काय मिळतं?

अनेक वर्षं हिशोब असा होता. अमेरिकेतल्या बँडला दोनशे पन्नास डॉलर, किंवा त्याऐवजी मनगटपट्ट्या, दोन्हींपैकी एक. परदेशी बँडला पैसे नाहीत, फक्त पट्ट्या. कारण ते अशा व्हिसावर येत ज्यावर प्रयोग दाखवता येतो, मानधन घेता येत नाही. वर अर्ज करतानाच शुल्क भरायचं. म्हणजे जी पट्टी श्रोता पैसे देऊन विकत घेतो, तीच वादकाला मजुरी म्हणून. दोनशे पन्नास डॉलरमध्ये चार माणसं, ड्रम आणि व्हॅन घेऊन ओहायोहून टेक्सासला येऊन दाखवा. २०२३मध्ये वादकांच्या एका संघटनेने, युनियन ऑफ म्युझिशियन्स अँड अलाइड वर्कर्सने, साडेसातशे डॉलर आणि पट्ट्या दोन्ही द्या अशी मागणी केली. महोत्सवाने २०२४साठी आकडा साडेतीनशे केला. त्याच २०२४ साली अमेरिकी लष्कराचं आणि शस्त्रास्त्र कंपन्यांचं प्रायोजकत्व आहे म्हणून ऐंशीहून अधिक कलाकारांनी नाव काढून घेतलं, त्यांत आयर्लंडचे बरेच होते. ज्याला साडेतीनशे डॉलर मिळणार तो बहिष्कार टाकतो तेव्हा पैशाचा तोटा फारसा होत नाही, बुडते ती संधी. ती किती मोठी होती हे मात्र कोणालाच मोजता येत नाही, आणि सगळा व्यवहार या न मोजता येण्यावरच उभा आहे.

आता मांडवाकडे परत येऊ. गणेशोत्सवातला गायक एका रात्रीत दोन मांडव करी तेव्हा दोन्हीकडे त्याला बिदागी मिळे. थोडी असेल, उशिरा मिळे, कधी कार्यकर्ते घोळ घालत, पण मिळे. ती येई वर्गणीतून, म्हणजे ज्या गल्लीत गाणं व्हायचं तिथल्या प्रत्येक बिऱ्हाडाच्या खिशातून. श्रोत्याला प्रवेश फुकट आणि गायकाला पैसे. ऑस्टिनमध्ये उलटं : श्रोत्याने पट्टी घ्यायची आणि गायकाने पदरचे घालून यायचं. कारण ऑस्टिनचा महोत्सव बँडला श्रोत्यासमोर उभं करतो असं दिसलं तरी खरा गिऱ्हाईक बिल्लेवाला. गायक तिथे नमुना म्हणून येतो, आणि नमुन्याचे पैसे व्यापारी देत नसतो. व्यापारी परिषद म्हणून १९८७मध्ये हे चाललं, कारण तेव्हा नमुना आवडला तर पुढे करार आणि आगाऊ रक्कम अशी शक्यता तरी होती. आज गाणी इंटरनेटवर जवळजवळ फुकट ऐकली जातात, कंपन्या आगाऊ रकमा पूर्वीसारख्या वाटत नाहीत, तरी नमुन्याचा नियम जुनाच राहिला. वादकांची तक्रार इथे आहे आणि आम्हाला ती रास्त वाटते.

ही रीत ऑस्टिनपुरती राहिली नाही. २००६मध्ये इंग्लंडच्या ब्रायटनला ‘द ग्रेट एस्केप’ सुरू झाला. समुद्रकाठचं गाव, पब आणि तळघरं चालत पोचण्याइतकी जवळ. त्याच वर्षी जर्मनीत हॅम्बुर्गला ‘रीपरबान महोत्सव’ निघाला. ज्या वस्तीत तो भरतो तिथेच १९६०मध्ये ‘इंद्रा’ नावाच्या क्लबात, हो, आपलाच इंद्र, बीटल्स रात्र-रात्र वाजवत. त्यांना त्याची मजुरी मिळे. तुटपुंजी, पण मिळे.

आणि मुंबई? १९८६मध्ये, म्हणजे ऑस्टिनच्या आदल्याच वर्षी, धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. कॉलेजची पोरं उन्हातान्हात बसून नवे बँड ऐकत. पुढे आसपास रुग्णालय, कॉलेज, न्यायालय म्हणून तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन मुकं झालं. २००७मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात ‘ब्लू फ्रॉग’ आला, २०१६मध्ये गेला. काळा घोडा महोत्सव १९९९पासून चालत फिरण्याचा अनुभव देतो, पण तो सर्व कलांचा आहे. बँडचा बहुस्थानी महोत्सव आपल्याकडे रुजला नाही, याचं कारण श्रोते किंवा बँड नाहीत हे नव्हे. एकमेकांपासून पाच मिनिटांच्या अंतरावर, दीडशे-दोनशे माणसं मावणाऱ्या, रात्री वाजवायची परवानगी असलेल्या दहा खोल्या आपल्याकडे एका रस्त्यावर मिळत नाहीत. जागेचं भाडं आणि परवान्यांची माळ यातून जो क्लब तगतो त्याला अनोळखी बँड परवडत नाही.

खोल्या ऑस्टिनलाही पुरल्या नाहीत. पहिल्या वर्षांतला लाडका ‘लिबर्टी लंच’ १९९९मध्ये शहराच्या पुनर्विकासात पाडला गेला. ‘इमोज’ची मूळ जागाही गेली. संगीतामुळे गाव प्रसिद्ध झालं, प्रसिद्धीमुळे लोक आले, त्यांच्यामुळे भाडी वाढली. २०२०मध्ये करोनामुळे महोत्सव आठवडाभर आधी रद्द झाला, दुसऱ्या वर्षी त्याची निम्मी मालकी एका माध्यमकंपनीने घेतली. आणि २०२५मध्ये, ज्या अधिवेशन केंद्रात दिवसाची सगळी चर्चासत्रं भरत, तेच केंद्र पाडून नव्याने बांधण्यासाठी बंद झालं. म्हणून २०२६ची आखणी मध्यवर्ती इमारतीशिवाय करावी लागली : दिवस कमी केले, संगीत, चित्रपट आणि तंत्रज्ञान एकाच सात दिवसांत आणले, आणि कार्यक्रम पुन्हा शहरातल्या हॉटेलांत आणि क्लबांत वाटले. बँडचं मानधन किती, हा वाद चालूच आहे.

आता प्रश्न घेऊ.